तिसऱ्या दिवशी जिना का उतरवत नाही?

रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरक्रियातज्ज्ञानं 1930च्या दशकात, कोलंबिया विद्यापीठात असताना, एक सोपी चाचणी बसवली. उकिडवं बसायचं, हात जमिनीवर टेकून पाय मागे झटकायचे, परत पोटाशी घ्यायचे आणि उभं राहायचं. असं फक्त चार वेळा. त्याआधीचे आणि नंतरचे हृदयाचे ठोके मोजले की माणूस कितपत तंदुरुस्त आहे याचा अंदाज येत असे. त्यात उडी नव्हती, छाती जमिनीला टेकवणं नव्हतं. आज त्याच हालचालीला उडी आणि पुश-अप जोडले गेलेत, भिंतीवर मोठं घड्याळ लागलंय, आणि पुण्या-ठाण्यातल्या ग्रुप क्लासमध्ये पंधरा-वीस जण एकदम डझनांनी बर्पी मारत असतात. त्यात परवापर्यंत लिफ्टशिवाय पहिला मजलाही न चढणारा कुणीतरी असतोच.

'तबाटा' नावाच्या चार मिनिटांच्या प्रकाराचंही असंच झालं. जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक कोइची इरिसावा आपल्या खेळाडूंकडून तो करून घेत. इझुमी तबाटा यांनी तो प्रयोगशाळेत तपासून 1996 साली निष्कर्ष छापले. 20 सेकंद जीव तोडून, मग 10 सेकंद थांबायचं, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला 7 मिलिलिटरनं वाढली. आठवड्यातले पाच दिवस तासभर मध्यम जोरानं सायकल मारणाऱ्या दुसऱ्या गटात ती 5 मिलिलिटरनं वाढली. शिवाय ऑक्सिजन अपुरा पडत असताना काम रेटण्याची क्षमता पहिल्या गटात 28 टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात जवळपास जागची हलली नाही. इतक्या कमी वेळात इतका फायदा! जग या प्रकाराच्या प्रेमात पडलं ते उगीच नाही.

पण त्या प्रयोगातली मुलं शारीरिक शिक्षणाची तरुण विद्यार्थी होती, आणि सगळं काम जागच्या सायकलवर झालं होतं. पॅडलचा वेग मिनिटाला 85 फेऱ्यांखाली घसरला की त्यांना थांबवलं जाई. क्लासमध्ये तबाटाच्या नावाखाली उड्यांचे स्क्वॉट, म्हणजे उडी मारत बैठका, होतात, आणि पाचव्या फेरीत गुडघे आत वळायला लागले, कंबर वाकली, तरी टाळ्या वाजवून 'अजून दोन, अजून दोन' चालू राहतं. मूळ प्रयोगातला थांबण्याचा नियम वाटेत गळून पडला. माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच होता.

दम का निघतो, ते आधी बघू. स्नायूत तयार असलेली ऊर्जा दोन-तीन सेकंद पुरते. त्यानंतर फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा धावून येतो, तोही जोराच्या कामात दहाएक सेकंदांत बराचसा संपतो. पुढचा भार साखरेच्या झटपट विघटनावर पडतो, आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. फॉस्फोक्रिएटिनचा साठा अर्धा भरून यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. म्हणजे 10 सेकंदांची विश्रांती ही मुळात अपुरीच ठेवलेली आहे, तयार शरीराला ताण देण्यासाठी. नवख्यानं 20 सेकंद काम आणि 40 ते 60 सेकंद विश्रांती घेतली तर तो काही कमी व्यायाम करत नाही. प्रत्येक फेरी नीट, पूर्ण ताकदीनं करता येते, आणि जोराच्या व्यायामाचा फायदा त्या ताकदीतच आहे.

लॅक्टेटवर मात्र फुकटचा आळ आलाय. शनिवारी क्लास केला आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागला की 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय' असं ट्रेनरसुद्धा सांगतात. लॅक्टेट तासाभरात रक्तातून जवळपास नेहमीच्या पातळीवर येतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. सोमवारपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही.

दुखण्याचं खरं कारण स्नायू *लांबत असताना* केलेल्या कामात आहे. स्क्वॉटमध्ये खाली बसताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी शरीराचा भार पेलून धरत असतो. स्नायूचा तंतू म्हणजे एकापुढे एक जोडलेले सूक्ष्म कप्पे. अशा ताणात त्यातले कमजोर कप्पे वाजवीपेक्षा जास्त खेचले जातात आणि कप्प्याकप्प्यांमधल्या सीमारेषा विस्कटतात. 1981 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना वारंवार जिना उतरायला लावलं आणि त्यांच्या पोटरीच्या स्नायूचा बारीक तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एरवी सरळ दिसणाऱ्या त्या रेषा वाकड्यातिकड्या, फाटल्यासारख्या झालेल्या होत्या. दुरुस्तीसाठी शरीर तिथे पेशी पाठवतं, हलकी सूज येते, वेदनेचे मज्जातंतू हळवे होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. चढताना फारसं नाही आणि उतरताना जीव जातो तो याचसाठी: उतरताना मांडी पुन्हा तेच लांबत पेलण्याचं काम करत असते.

चांगली बातमी अशी की तोच व्यायाम दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणं पुष्कळच कमी होतं. एका मात्रेनंतर स्नायू शहाणा होतो, आणि ही तयारी कित्येक आठवडे टिकते. त्यासाठी पहिली मात्रा मोठी असावी लागत नाही, थोडक्या कामानंही स्नायूला संरक्षण मिळतं. कोल्हापूरच्या तालमीत नव्या पोराला थोडक्या जोर-बैठकांवर सुरुवात करून आकडा हळूहळू वाढवणारा वस्ताद नेमकं हेच साधत असतो.

आकडा एकदम वाढला तर काय होतं? 2017 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. आयुष्यातला पहिलाच स्पिनिंग क्लास, म्हणजे जागच्या सायकलवर गटानं केलेला जोराचा व्यायाम, आणि त्यानंतर त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या, त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरलं आणि मूत्रपिंडांवर ताण आला. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. हे विरळा घडतं, पण लक्षणं प्रत्येक नवख्याला माहीत असायलाच हवीत: स्नायू टणक होऊन सुजणं, हात किंवा पाय नीट वळवता न येणं, सहन होणार नाही इतकी वेदना, आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा गडद होणं. असं झालं तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तोवर वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका, त्यातल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडांना आणखी त्रास देतात.

मग एकट्यानं केलेला व्यायाम बरा का? मला तसं वाटत नाही. गटाचं बळ खरं आहे आणि ते मोजलं गेलंय. नॉर्मन ट्रिपलेट यांनी 1898 साली दाखवलं की सायकलपटू एकटे असताना जेवढे धावतात त्याहून इतरांसोबत जोरात धावतात. 1920च्या दशकात ऑटो कोहलर यांनी बर्लिनमधल्या नौकानयन क्लबच्या खेळाडूंना जोडीनं वजन उचलायला लावलं. एकानं हार मानली की दोघांचं काम थांबायचं. अशा वेळी जोडीतला कमजोर खेळाडू एकट्यानं जमायचं त्याहून जास्त वेळ टिकला. दोघांतलं अंतर मध्यम असताना हा परिणाम सगळ्यात जास्त दिसला. फार तगडा जोडीदार असला की तो ओसरला. क्लासमध्ये जोड्या लावताना आपल्यापेक्षा थोडा पुढे असलेला माणूस शोधा, कोपऱ्यात हातांवर उलटं चालणारा नको.

पण हेच बळ थकव्याची सूचना दाबूनही टाकतं. म्हणून चाळिशीपुढच्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं सरासरी वय 53 होतं, इतर देशांत ते 58.8. 1993 साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, एरवी जोराचे श्रम न करणाऱ्यांमध्ये अशा श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता 107 पटींनी वाढलेली आढळली. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ती वाढ 2.4 पट होती. एका तासापुरती मूळ शक्यताच फार लहान असते, त्यामुळे आकडा वाचून घाबरायचं कारण नाही. नियमितपणाच संरक्षण देतो, फक्त तिथवर पायरीपायरीनं पोचायचं असतं.

आणि पायऱ्या सगळ्या अवयवांसाठी सारख्या नसतात. रक्तातला द्रव पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि दम कमी लागतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते; मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू कामाला लावायला शिकतो. स्नायू जाड व्हायला त्याहून वेळ लागतो. सगळ्यात सावकाश चालते ती कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर. 1955 ते 1963 दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात गेला. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 साली त्याच खुणेवरून टाचेमागच्या कंडरेचं वय काढलं. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही, असं दिसलं. त्याच माणसांचे स्नायू मात्र नव्यानं घडत राहिले होते.

म्हणून दुसरा महिना जपायचा. तोवर दम टिकतो, हुरूप येतो, ट्रेनर बॉक्सवर उड्या मारायला सांगतो, आणि कंडरा अजून मागेच असते. पहिले दोन-तीन महिने उडीऐवजी पाय उचलून बॉक्सवर चढा, बर्पीतली उडी गाळा, आठवड्यातून दोन-तीनच क्लास करा आणि मधे एक दिवस मोकळा ठेवा. सकाळी पहिल्या पावलाला टाचेमागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली एकाच ठिकाणी दुखत असेल, आणि थोडं चालल्यावर ते कमी होत असेल, तर ते स्नायूचं साधं दुखणं नव्हे. त्या आठवड्यात उड्या बंद ठेवा, आणि का बंद ठेवल्या ते ट्रेनरला वॉर्मअपच्या आधीच सांगा.