तगडा देश आणि शिकायचा देश: पहिल्यांदा ओटोमन घ्यायचा की पोर्तुगाल?

युरोपा युनिवर्सॅलिस ४ हा इतिहासावरचा कॉम्प्युटर गेम पहिल्यांदा उघडला की समोर अख्ख्या जगाचा नकाशा येतो, तारीख ११ नोव्हेंबर १४४४, आणि शेकडो देशांपैकी कुठलाही एक तुम्ही घ्यायचा. आता आपल्याकडचा माणूस काय करतो, तर नकाशा ओढत ओढत भारतावर आणतो, तापी कुठून जातेय ते शोधतो, आणि गुजरात, माळवा अन् बहमनी या तिघांच्या मधे दबून बसलेला एक छोटा देश त्याला सापडतो, नाव खान्देश. माझ्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत चोपड्याला आमच्याकडे येऊन हेच केलं. "मामा, आपला खान्देश शे ना अठे!" असा ओरडला की आजी पीठ लागलेल्या हातानं स्वयंपाकघरातून बघायला आली.

मी त्याला अडवलं नाही. स्वतःचा मुलूख नकाशावर दिसल्यावर कोण थांबणार? पण संध्याकाळ व्हायच्या आत बहमनी आले आणि सगळं संपलं. मग पोरानं मोबाईलवर शोधलं की नवीन माणसानं कुठला देश घ्यावा, तर दोन नावं पुन्हा पुन्हा आली, ओटोमन म्हणजे तुर्की सुलतानांचं राज्य आणि पोर्तुगाल, जणू दोन्ही एकच. त्यानं अर्थातच ओटोमन घेतला, कारण तो सगळ्यात तगडा.

मला बोलायचंय ते इथंच. तगडा देश वेगळा आणि शिकायला सोपा देश वेगळा, पण सल्ला देणारे दोन्हींना एकाच ओळीत 'बिगिनर फ्रेंडली' म्हणून टाकतात आणि नवीन पोरगा तिथंच फसतो. तगड्या देशात तुमची चूक पचून जाते, म्हणजे तुम्ही चुकलात हे तुम्हाला कळतच नाही, आणि कळतं तेव्हा वीस वर्षांच्या चुका एकदम अंगावर येतात. शिकायच्या देशात चूक छोटी असते, लवकर दिसते, आणि मुख्य म्हणजे ती कशामुळे झाली ते दिसतं. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हे तिसरंच.

आधी ओटोमन बघू. गेम सुरू होतो त्याच्या आदल्याच दिवशी, १० नोव्हेंबर १४४४ ला, वार्नाची लढाई झालेली आहे, ओटोमनांनी हंगेरी-पोलंडच्या फौजेला हरवलंय, गेममध्ये गादीवर मुराद दुसरा. बायझंटाइनकडे कॉन्स्टँटिनोपल आणि खाली ग्रीसच्या टोकाला मोरिया एवढंच उरलंय. खऱ्या इतिहासात ते शहर १४५३ मध्ये पडलं, गेममध्ये पहिल्या चार-पाच वर्षांत आरामात पडतं. फौज मोठी, पैसा बरा, आजूबाजूला सर्बिया, बोस्निया, अल्बेनिया असे छोटे छोटे शेजारी. नवीन माणूस एकामागून एक लढाया जिंकतो आणि त्याला वाटतं आपल्याला गेम येतोय.

पण लढाई जिंकणं हा या गेमचा अर्धासुद्धा भाग नाही. जिंकलेला प्रांत आपला करायला त्याचा 'कोअर' बनवावा लागतो, त्याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह पॉइंट लागतात, प्रांताच्या प्रत्येक डेव्हलपमेंटमागे, म्हणजे तो किती विकसित आहे त्या आकड्यातल्या प्रत्येक एकामागे, साधारण १०. म्हणजे १२ डेव्हलपमेंटचा प्रांत घेतला तर १२० पॉइंट गेले. आणि हे पॉइंट येतात कुठून, तर दर महिन्याला ३ फुकट, वर राजाचं कौशल्य ० ते ६ मध्ये जे असेल ते, वर पगारी सल्लागाराचे एक-दोन. जोपर्यंत कोअर होत नाही तोपर्यंत तो प्रांत 'ओव्हरएक्सटेन्शन' म्हणून डोक्यावर बसतो, ते १०० टक्क्यांच्या पुढे गेलं की बंडखोर आणि वाईट इव्हेंटची रांग लागते. शिवाय जमीन घेतली की आजूबाजूच्यांच्या मनात तुमच्याबद्दल 'ॲग्रेसिव्ह एक्सपान्शन' साठत जातं, एखाद्या देशाचं ते ५० झालं आणि त्याचं तुमच्याबद्दलचं मत उणे असेल तर तो तुमच्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये जाऊ शकतो, आणि कोअलिशन म्हणजे सगळे मिळून एकदम.

भाच्याच्या गेममध्ये नेमकं हेच झालं, मी शेजारी बसून बघत होतो. तो दर तहात जेवढं मिळेल तेवढं उचलत होता, वॉरस्कोअर, म्हणजे लढाईत आपण किती वरचढ ठरलो तो आकडा, शंभर टक्के आहे ना, मग शंभर टक्क्यांचं घ्यायचं. वरच्या पट्टीत ॲडमिनचा आकडा कधीच तीन अंकी होत नव्हता, पण फौज एवढी मोठी की बंडखोर उठले तरी दोन महिन्यांत चिरडले जायचे, त्यामुळं त्याला तो आकडा बघायची गरजच पडली नाही. टेक्नॉलॉजी मागं राहिली, तेही दिसलं नाही. मग एका तहाच्या नंतर साधारण वर्षभरात स्क्रीनवर लढाईची घोषणा आली आणि समोरच्या बाजूला देशांच्या चिन्हांच्या ढाली मोजता मोजता त्याचं बोट थांबलं, हंगेरी, ऑस्ट्रिया, व्हेनिस, पोलंड, आणि खाली स्क्रोल करायला अजून. "मामा, मी काय केलं?" हा त्याचा प्रश्न होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा गेम खेळून झाला होता आणि त्याला आपली चूक कुठल्या साली झाली हे सांगता येत नव्हतं.

रावेर-यावलकडच्या माणसाला हे मी केळीच्या भाषेत सांगेन. कुणाला दहा एकराची तयार मृगबाग मिळाली, ड्रिप टाकलेलं, घड लागलेले, मजूर ठरलेले, तर पहिल्या वर्षी पैसा येणारच, त्याला केळीतलं काही कळो न कळो. पण पुढं पानावर करपा दिसला, किंवा सीएमव्ही नावाच्या विषाणूनं रोपं पिवळी पडायला लागली, तर त्याला कुठलं पान कापायचं अन् कुठलं रोप मुळासकट काढून लांब नेऊन पुरायचं हे सुचणार नाही, कारण त्यानं एकही रोप स्वतः वाढवलेलं नाही. ज्यानं एका एकरात स्वतः रोप लावलं, पील काढले, पाणी धरलं, तो कमी कमावतो पण त्याला पान बघितल्यावर कळतं. ओटोमन ही तयार बाग आहे. पोर्तुगाल एक एकर.

पोर्तुगालला युरोपात जमिनीवरून शेजारी एकच, कॅस्टिल, म्हणजे आजच्या स्पेनचा मोठा भाग. बाकी बाजूंचा विचारच करायचा नाही, समुद्र आहे. सुरुवातीलाच इंग्लंडशी दोस्ती आहे, जी खऱ्या इतिहासातली १३८६ च्या विंडसरच्या तहापासूनची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउटा आपल्याकडे आहे, १४१५ ला घेतलेलं, शिवाय मदेरा आणि अझोर्स बेटं. पहिल्या दिवशी गेम पॉज असतानाच करायचं एक काम म्हणजे कॅस्टिलला मैत्रीचा करार पाठवायचा. तो बहुतेक वेळा मान्य होतो, आणि तो झाला की तुमच्या देशावर चालून येणारं जवळपास कुणी उरत नाही. मग तुम्ही निवांत एकेक खिडकी उघडून बघू शकता, आणि हा निवांतपणा ओटोमन देत नाही कारण तिथं कायम कुठं ना कुठं लढाई चालू असते.

पोर्तुगालात पहिली दहा-पंधरा वर्षं काही घडत नाही अशी तक्रार असते. मला तीच वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. शांतता आहे, तर सैन्याच्या मेंटेनन्सचा स्लायडर खाली ओढा आणि महिन्याचा शिल्लक आकडा कसा हलतो ते बघा. एक सल्लागार नेमा, त्याचा पगार कुठं वजा झाला ते बघा. सेव्हिलच्या ट्रेड नोडवर, म्हणजे त्या भागाचा व्यापार जिथं जमा होतो तिथं, हलकी जहाजं व्यापार राखायला पाठवा आणि पुढच्या महिन्यात व्यापाराचं उत्पन्न कितीनं वाढलं ते बघा. एका वेळी एकच गोष्ट हलतेय म्हणून ती दिसते. ओटोमनात एका महिन्यात सात गोष्टी हलतात.

मग ॲडमिन टेक ५, म्हणजे कारभाराच्या टेक्नॉलॉजीची पाचवी पायरी, आलं की पहिला आयडिया ग्रुप, म्हणजे देशाला कायमचे फायदे देणाऱ्या आयडियांचा गट, उघडतो, तिथं एक्सप्लोरेशन घ्यायचं. सात आयडिया, प्रत्येकी ४०० डिप्लोमॅटिक पॉइंट, पण पहिल्या दोनातच वसाहत करणारा कॉलनिस्ट आणि शोधमोहिमेवर जाणारे एक्सप्लोरर दोन्ही हाताशी येतात. नकाशाचा पांढरा भाग हळूहळू उघडायला लागतो. दुसऱ्या दिवशी भाच्याला मी पोर्तुगालवर बसवलं होतं आणि त्याचं पहिलं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली गेलं, केप व्हर्देला त्यानं वसाहत टाकली. वस्तीचा आकडा अगदी थोडा, तो १००० झाला की गाव पक्कं होतं. पोरगा त्या आकड्याकडे बघत राहिला, गेमचा स्पीड ५ वर टाकायचा मोह आवरून.

मग त्याला घाई झाली. कॉलनिस्ट एकच, पण तो पहिल्या वसाहतीतून उचलून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे पाठवला. एका वसाहतीचा खर्च महिन्याला २ डकटच्या (गेममधलं नाणं) आसपास असतो, पण कॉलनिस्टपेक्षा वसाहती जास्त झाल्या की खर्च भराभर चढतो. दोन-तीन महिन्यांत शिल्लक लाल झाली, पाठोपाठ कर्ज. या वेळी मात्र त्यानं मला विचारलं नाही. खर्चाची खिडकी उघडली, माउस फिरवला, वसाहतींच्या ओळीवर थांबला आणि स्वतःच म्हणाला की इथं गडबड झालीय. तीच चूक, हावरटपणाचीच, पण पाच मिनिटांत सापडली आणि एका कर्जावर भागलं.

पोर्तुगालची कमतरता पण सांगतो. जमिनीवरची मोठी लढाई तो फारशी शिकवत नाही, वेढे, डोंगराळ प्रांतात घुसताना होणारा तोटा, तोफा किती ठेवायच्या, हे सगळं कच्चं राहतं. इंग्लंड फ्रान्सच्या लढाईत हाक मारू शकतं आणि नकार दिला तर मैत्री तुटते, प्रतिष्ठा जाते, तेव्हा ते आधीच ठरवून ठेवा. आणि कॅस्टिलनं जर कधी तुम्हाला रायव्हल, म्हणजे प्रतिस्पर्धी, मानलं तर सगळा निवांतपणा संपतो, दर काही वर्षांनी त्याचं मत तपासत राहायला पाहिजे. लढाया शिकायला मग ओटोमन घ्या ना, माझं काहीच म्हणणं नाही, दुसरा गेम म्हणून तो झकास आहे, कारण तोवर वरच्या पट्टीतले आकडे वाचायची सवय लागलेली असते आणि तेव्हा तुम्ही तहात पाच प्रांत मिळत असताना दोनच घेता.

कॅस्टिलबद्दल पण विचारतात. तो दोघांच्या मधला, शेजारी ग्रानाडा आयता, पुढं अरागॉनशी लग्नाचा इव्हेंट येऊन दोन्ही राज्यं एकत्र येऊ शकतात, वसाहतीही आहेत. पण त्याचा वारस एन्रिके गेममध्ये ०/०/० आहे, म्हणजे तो गादीवर आला की राजाकडून शून्य, महिन्याला ते फुकटचे ३ च. सहाच्या राजाला तिथं ९ मिळतात. ज्याला पॉइंटचा दुष्काळ कसा काढायचा हे शिकायचंय त्यानं घ्यावा, पहिल्याच गेमला नको.

आणि हे काही माझंच मत नाही, गेम बनवणाऱ्या पॅराडॉक्सनंही असाच विचार केलेला दिसतो. त्यांच्याच क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये ट्यूटोरियल बायझंटाइन सम्राटाचा नाही, १०६६ सालच्या आयर्लंडमधल्या मन्स्टरच्या छोट्या राजाचा आहे, मर्खाद नावाचा. बेट, थोडे शेजारी, सगळे साधारण तेवढेच. शिकवायला त्यांनी जागा अशी निवडली जिथं डोळ्यात सगळं मावतं.

दोन बारीक गोष्टी. शिकताना आयर्नमॅन बंद ठेवा, म्हणजे हवं तिथं सेव्ह करून मागं जाता येतं. आणि स्पेस बारवर अंगठा ठेवून खेळा, कुठलीही सूचना वर आली की आधी पॉज.

राहिला आपला खान्देश. तो घ्यायचाच नाही असं मी कधीच म्हणणार नाही. १४४४ ला तिथं फारुकी घराण्याचा मिरान मुबारक खान होता, या घराण्याची सुरुवात आपल्या शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरची, तापीकाठी त्यांच्या कबरी अजून आहेत, मग राजधानी बुऱ्हाणपूर आणि भरवशाचा किल्ला असीरगड. चहूबाजूंनी मोठे देश असताना हे राज्य दोनशेहून जास्त वर्षं टिकलं, १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला तोपर्यंत, आणि ते टिकलं त्यात गुजरातच्या सुलतानांशी जुळवून घेण्याचा, सोयरिकींचा वाटा मोठा. म्हणजे हा देश तगडा नाही आणि शिकायला सोपाही नाही, पण ज्याला कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे वाचता येतं त्याच्यासाठी तो जिवंत आहे.

परवा रात्री भाच्याचा अमळनेरहून फोन आला. पुन्हा खान्देश उघडलाय म्हणाला, अजून पॉजवरच आहे, तारीख ११ नोव्हेंबरच. गुजरातचे रायव्हल कोण कोण ते लिहून काढलेत, माळव्याचं आपल्याबद्दलचं मत बघून झालंय, आणि "मामा, बहमनी आले तर गुजरात खरंच लढायला येईल का, का त्याच्यावर आधीच कर्ज असेल, ते कुठल्या खिडकीत बघायचं?"