मानदुखी आणि कायरोप्रॅक्टिक उपचार (ग्रामीण विदर्भ)

मानदुखी : कवटीच्या पायथ्यापासून खांद्याच्या वरच्या कडेपर्यंतच्या भागात होणारी वेदना. ती मानेपुरती राहते, डोक्यात चढते किंवा हातात उतरते. वऱ्हाडात रोगी 'मान धरली', 'मान वयतच नाई' असं सांगतो. हातात मुंग्या आल्या की 'नस दबली' म्हणतो आणि एक्स-रे काढून आला की 'मणक्यात गॅप पडली' म्हणतो. यातल्या शेवटच्या शब्दाने गावोगाव बराच घोळ घातला आहे, त्याविषयी पुढे.

मानेत सात मणके असतात. साधारण साडेचार ते पाच किलोचं डोकं त्यांच्यावर तोललेलं असतं. सर्वांत वरचा मणका कवटी पेलतो. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण त्याच्या आणि दुसऱ्या मणक्याच्या सांध्यात होतं, आणि या दोघांच्या मधे चकती (दोन मणक्यांमधली मऊ गादी) नसते. त्याखालच्या मणक्यांमधे चकत्या असतात आणि मागच्या बाजूला छोटे सांधे असतात. मणके सात असले तरी मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ आहेत. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्याच बाजूच्या छिद्रांतून वर चढतात. कायरोप्रॅक्टिकमधे हाताने सांधे हलवतात, कधी मानेला झटकाही देतात. अशा झटक्याची सगळी जोखीम या रचनेत आहे.

कामातून येणारी मानदुखी

पश्चिम विदर्भात मानदुखी कपाशीच्या हंगामाबरोबर वाढते. वेचणीला गेलेल्या बाईकडे दहा मिनिटं बघत राहिलं तरी कारण कळतं. कंबरेला ओटी बांधलेली असते. बोंडं गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर, म्हणून मान सतत खाली आणि थोडी एका बाजूला. दोन्ही हात चालू असतात, डोळे पुढचं फुटलेलं बोंड शोधत असतात, मान मात्र जागची हलत नाही. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे मधे थांबून मान मोकळी करणं म्हणजे पैसे सोडणं. संध्याकाळी तोच कापूस गाठोड्यात बांधून डोक्यावर घ्यायचा आणि काट्यापर्यंत न्यायचा. दिवसभर वाकून ताणलेल्या स्नायूंना दिवस मावळताना ताठ उभं राहून ओझं सांभाळावं लागतं.

डोक्यावरचं ओझं सरळ तोललेलं असेल आणि चुंबळ नीट बसलेली असेल, तर चालताना फारसं दुखत नाही. दुखापत होते ती बोजा चढवताना, उतरवताना किंवा धुऱ्यावरून पाय घसरल्यावर. सरपणाचा भारा एकटीने डोक्यावर घेताना मान एकदम वळते आणि स्नायू लचकतो. 'कालपर्यंत काहीच नव्हतं' असं सांगणाऱ्या रोग्याला कालचा बोजा कसा उचलला हे विचारावं. बहुतेकदा तिथेच उत्तर सापडतं.

फवारणीचा पंप ही दुसरी ठळक गोष्ट. सोळा लिटरचा पंप भरला की पाठीवरचं वजन वीस किलोच्या घरात जातं. अरुंद पट्टे खांद्याच्या त्याच स्नायूंवर रुततात जे मान धरून ठेवतात. एक हात दांडा हापसतो, दुसरा नळी फिरवतो. बॅटरीवरच्या पंपाने हापसणं वाचलं, वजन नाही.

पूर्व विदर्भात चित्र बदलतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाच्या रोवणीत कंबर वाकलेली असते, पण पुढची ओळ बघण्यासाठी मान मागे टाकावी लागते. त्यामुळे मागचे छोटे सांधे दाबले जातात. बिड्या वळणाऱ्या बायकांचं उलट : मांडीवर सूप, डोकं खाली, तासन्‌तास. मोबाइलने आता शेतात न जाणाऱ्या पोरांनाही याच रांगेत आणलं आहे. २०१४ मधल्या एका गणिती अभ्यासानुसार मान साठ अंश पुढे झुकली की तिच्यावरचा भार सत्तावीस किलोपर्यंत जातो. हा आकडा मॉडेलवरून काढलेला आहे, माणसावर मोजलेला नाही. पण वेचणीवाल्या बाईची मान असते तीही जवळपास याच कोनात.

झीज, चकती आणि 'गॅप'

वय वाढतं तशा चकत्या सुकतात, मणक्यांच्या कडेला हाड वाढतं. याला डॉक्टर स्पॉन्डिलोसिस म्हणतात. चाळिशीनंतर कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या एक्स-रेतही ही झीज दिसते, त्यामुळे चित्रातली झीज हेच दुखण्याचं कारण असेल असं नाही. रोगी 'गॅप' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मणके एकमेकांपासून सुटलेत असं चित्र असतं. खरं तर चकती सुकल्याने मणके जवळ आलेले असतात. म्हणजे गॅप पडलेली नसते, कमी झालेली असते. या एका शब्दापायी धडधाकट माणसं काम सोडून वर्षानुवर्षं मानेला पट्टा बांधून बसतात. पट्ट्याने स्नायू आणखी ढिले पडतात आणि मान आणखी दुखते.

चकती सरकून किंवा हाड वाढून मज्जातंतू दाबला गेला तर वेदना खांद्यातून दंडात आणि बोटांपर्यंत जाते. बहुतेक वेळा सहाव्या किंवा सातव्या मज्जातंतूचं मूळ दाबलेलं असतं. अंगठ्याकडची किंवा मधल्या बोटाकडची बाजू बधिर होते. दाब मज्जारज्जूवरच आला तर दुखणं कमी आणि बिघाड जास्त, असं होतं : शर्टाची बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटते, चाल अडखळते. असा रोगी 'मान दुखते' म्हणून येतच नाही, म्हणून निदानाला उशीर होतो.

फ्लोरोसिस

फ्लोरोसिस म्हणजे पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात-हाडांना होणारा आजार. विदर्भातल्या मानदुखीच्या नोंदीत हा विषय वगळता येत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, मग हाडं जड होतात आणि मणके बांधून ठेवणारे दोर चुन्यासारखे कडक होतात. मान हळूहळू लाकडासारखी होते. शेजारून कुणी हाक मारली तर असा माणूस मान न वळवता अख्खं अंग वळवतो. गावात हे म्हातारपण समजलं जातं. मणक्याच्या आतली नळी अरुंद झाली की मज्जारज्जू दाबला जातो. अशी मान कुणी झटक्याने फिरवली तर माणूस लुळा पडू शकतो. हातपंपावर 'पाणी पिऊ नये' अशी लाल खूण असलेल्या गावातून ताठ मान घेऊन कुणी आलं तर मानेला हात लावण्याआधी दात बघावेत, आणि मान व पुढच्या हाताचा एक्स-रे काढावा. फ्लोरोसिसमधे पुढच्या हातातल्या दोन हाडांमधला पडदा कडक झालेला दिसतो.

मानेला हात लावू नये अशा वेळा

तापासोबत मान आखडली आणि हनुवटी छातीला टेकत नसेल तर मेंदूज्वराची शंका. रात्री घाम, वजन घटणं, महिनोन्‌महिने न थांबणारी वेदना : मणक्याचा क्षयरोग. मोहाच्या किंवा दुसऱ्या झाडावरून पडणं, बैलाने मारणं, दुचाकी घसरणं : हाड मोडलेलं असू शकतं, तेव्हा डोकं-धड एका रेषेत ठेवून हलवावं. मान, जबडा आणि डावा हात एकदम भरून येऊन घाम सुटला तर आधी हृदयाचा विचार.

एक खूण मात्र इथल्या शेतीचीच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत रोगी पहिल्या दिवशी सावरल्यासारखा दिसतो आणि एक ते चार दिवसांत मानेचे स्नायू सैल पडतात : उताणा झोपलेला असताना त्याला डोकं उशीवरून उचलता येत नाही. पुढचा टप्पा श्वास बंद पडण्याचा असतो. इथे मान दुखत नाही, गळते. शेक देत बसायला वेळ नसतो.

गावातले हात

विदर्भातल्या खेड्यात मानेवर हात टाकणारे तिघे : न्हावी, हाडवैद्य आणि पायाळू. पायाने जन्मलेल्या माणसाने लाथ लावली की उसण उतरते हा समज महाराष्ट्रभर आहे. हलकीच लाथ असल्याने तिने बहुधा नुकसान होत नाही. हाडवैद्याच्या हाताला सवयीचं ज्ञान असतं, पण त्याला मोडलेलं आणि लचकलेलं नेहमी ओळखता येईलच असं नाही. काळजीची गोष्ट न्हाव्याची. कटिंग-दाढी झाली की तो हनुवटी आणि डोक्याचा मागचा भाग धरतो, गिऱ्हाईक गप्पांत असतानाच मान एका बाजूला फिरवून 'कट्' वाजवतो, मग दुसऱ्या बाजूला. बरं वाटतं, म्हणून माणूस पुढच्या महिन्यात मागून घेतो. हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात अचानक पोकळी तयार होते त्याचा असतो. २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांची एमआरआय करून ही पोकळी प्रत्यक्ष पाहिली गेली.

कायरोप्रॅक्टिक

न्हाव्याचा कट् आणि कायरोप्रॅक्टरचा झटका कानाला सारखेच ऐकू येतात, म्हणून आता मोबाइलवर तशा चित्रफिती बघून गावातही 'कायरो' हा शब्द पोचला आहे. ही पद्धत डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला सुरू केली. त्याआधी ते चुंबकीय उपचार करत. हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबल्यावर त्याचं बहिरेपण कमी झालं, असा त्यांचा दावा होता. मणका जागचा हलतो, त्याने मज्जातंतूंचा प्रवाह अडतो आणि त्यातूनच रोग होतात हा त्यांचा सिद्धांत पुढच्या विज्ञानाने स्वीकारला नाही. पद्धत टिकली ती वेगळ्या कारणाने : हाताने सांधा हलवल्यावर मानदुखी-पाठदुखीच्या काही रोग्यांना खरोखर आराम पडतो.

शिकलेला कायरोप्रॅक्टर आधी विचारपूस करतो, मानेच्या हालचाली, हातांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो. नंतर एक तर सांधा हळूहळू मागेपुढे हलवतो किंवा हालचालीच्या शेवटाला छोटा, वेगवान झटका देतो. सोबत स्नायू मोकळे करणं आणि व्यायाम असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत या शिक्षणासाठी चार वर्षं आणि किमान ४,२०० तास सांगितले आहेत, त्यातले १,००० तास देखरेखीखाली रोग्यांवरचं काम. चित्रफिती बघून शिकलेल्याला हे मोजमाप लावून बघावं.

उपयोग किती? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत नव्या मानदुखीचे २७२ रोगी तीन गटांत वाटले : मणक्यांवरचे हस्तोपचार, औषधं, आणि घरी करायचा व्यायाम. बारा आठवड्यांनी हस्तोपचारांचा गट औषधांच्या गटापेक्षा बरा होता. पण व्यायामाचा गटही हस्तोपचारांइतकाच बरा होता. हळू हलवणं आणि झटका देणं यांत फारसा फरक पडत नाही, असंही अभ्यासांच्या आढाव्यांतून दिसतं. विदर्भातल्या वाचकासाठी या दोन गोष्टी मोलाच्या आहेत, कारण झटका देणारा प्रशिक्षित माणूस शंभर किलोमीटरवर आणि व्यायाम अंगणात.

मानेच्या झटक्याचा धोका दुर्मीळ पण मोठा आहे. मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटून गुठळी होते आणि पक्षाघात येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधलं. धमनी झटक्याने फाटते की आधीच फाटलेली असल्याने मान दुखून माणूस उपचाराला येतो, हा वाद मिटलेला नाही. मान दुखण्यासोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं किंवा तोल जाणं असेल तर झटका वर्ज्य. सांधेवात, ठिसूळ हाडं, फ्लोरोसिस, कर्करोग आणि मज्जारज्जूवरचा दाब असतानाही तो वर्ज्य.

उपलब्धता

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, म्हणून पाटीवरच्या शब्दावरून शिक्षण कळत नाही. तेच हळुवार हस्तोपचार फिजिओथेरपिस्टही शिकलेले असतात आणि महाराष्ट्रात त्यांची नोंदणी करणारी परिषद आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) आणि नागपूरची वैद्यकीय महाविद्यालयं इथे ही सोय आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात मणक्याच्या रोग्यांसाठी मुंबईहून तज्ज्ञ येतात. वेचणीच्या दिवसांत मात्र यातल्या कुठेही जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं, त्यामुळे बहुतेकांचा उपचार मेडिकलमधल्या सुट्या गोळ्यांवर थांबतो. बिननावाच्या पुड्यांनी झटपट आराम पडत असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी.

घरी आणि शेतात

साधी धरलेली मान बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत सुटते. वाळूच्या किंवा जाड्या मिठाच्या पोटलीचा शेक चालतो. पूर्ण विश्रांती नको. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरणं, तळहात कपाळाला लावून डोक्याने त्याला दाबणं पण मान हलू न देणं, आणि पाठीमागे दोन्ही खांदे जवळ आणणं, हे तीन प्रकार दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा पुरतात. वेचणीत ओटी रिकामी करायला जाताना ते होऊन जातात. उशीला गोधडीची एकच घडी. पंपाच्या पट्ट्याखाली पोत्याची चौपदरी पट्टी घातली की खांद्यावरचा दाब पसरतो, आणि पंप बारा लिटरच भरला तर फेऱ्या वाढतात पण संध्याकाळी मान वळते. भारा डोक्यावर चढवायला आणि उतरवायला दुसऱ्या बाईचा हात लावून घ्यावा. जुन्या बायका एकमेकींसाठी थांबत त्या यासाठीच.