नेतृत्वाचे वैयक्तिक ब्रीद

चार माणसांची जबाबदारी घेणाऱ्याने स्वतःच्या वागण्यासाठी, स्वतःच्याच शब्दांत लिहून ठेवलेली एक-दोन वाक्ये म्हणजे नेतृत्वाचे वैयक्तिक ब्रीद. मी कुणासाठी काम करतो, कोणती गोष्ट काही झाले तरी करणार नाही आणि पेच पडला तर आधी कुणाकडे पाहीन, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे लागते. संस्थेचे ब्रीदवाक्य वेगळे. रयत शिक्षण संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ किंवा एसटीचे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ तिथे रुजू होणाऱ्याला आयते मिळते. वैयक्तिक ब्रीद ज्याचे त्यानेच घडवायचे असते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी १३ गुणांची यादी केली होती. आठवड्याला एक गुण घ्यायचा, चूक झाली की वहीत ठिपका द्यायचा, अशा वर्षातून चार फेऱ्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांतून वैयक्तिक ब्रीद लिहून ठेवण्याची पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे मात्र शिवाजी महाराजांची राजमुद्रा हा त्याहून जुना आणि फार मोलाचा नमुना आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंदनीय अशी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा ‘भद्राय राजते’, म्हणजे कल्याणासाठी शोभते. आपण कोण आणि सत्ता कशासाठी, दोन्ही त्यात आले. शिवाय ती पत्रापत्रावर उमटत होती, त्यामुळे प्रत्येक हुकूम त्या एका शब्दाशी ताडून पाहता येई.

ब्रीद लिहिताना ‘प्रामाणिकपणा, गुणवत्ता, सचोटी’ असे शब्द आधी सुचतात. ते कुणालाही लागू पडतात, म्हणून फारसे उपयोगी नाहीत. सुरुवात घेतलेल्या निर्णयांपासून करावी. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धभूमीवर जखमींवर उपचार करत तिथेच राहिले, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. सोलापूरच्या भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात गेलेल्या विद्यार्थ्याला ‘सेवाभाव’ हा शब्द सांगून भागत नाही. त्यांनी कोणत्या वळणावर काय निवडले, हे विचारले की तो विचार करू लागतो. स्वतःच्या आयुष्यालाही हाच प्रश्न विचारायचा.

सोलापुरातल्याच अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखानदार उदाहरणादाखल घेऊ. पहिल्या मसुद्यात तो लिहितो, ‘कामगार हेच माझे कुटुंब.’ वाक्य गोड आहे, पण ऑर्डर रद्द झालेल्या आठवड्यात त्याने काय करावे हे त्यातून कळत नाही. मागे वळून पाहिल्यावर त्याला आठवते, की मंदीत त्याने स्वतःची उचल थांबवली होती आणि पगार मात्र ठरल्या दिवशीच दिले होते. एका व्यापाऱ्याने वजन थोडे कमी भरायला सुचवले, तेव्हा त्याने तो सौदा सोडला होता. मग वाक्य बदलते: ‘पगाराचा दिवस चुकणार नाही, आणि बोललो त्या वजनाचाच टॉवेल जाईल; नुकसान आले तर आधी माझ्या घरात येईल.’ या वाक्याला किंमत मोजावी लागते, म्हणूनच ते खरे. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारे एकाच शेडमध्ये काम करतात, तिथे ते मुकादमालाही सहज समजते.

बचत गटाच्या अध्यक्षेचे ब्रीद अजून छोटे असू शकते: ‘माझ्या जावेला आणि शेजारणीला कर्जाचा नियम एकच.’ नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री गटाची असते. नात्यातल्या बाईने हप्ता थकवला की तिला भर बैठकीत विचारायचे धैर्य मात्र अध्यक्षेच्या स्वतःच्या वाक्यातून येते. या छोट्या ब्रीदांची दखल फारशी घेतली जात नाही, ती घेतली जायला हवी.

ब्रीद लिहून झाल्यावर ते जवळच्या दोघा-तिघांना दाखवावे, शक्यतो आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांना. ‘साहेब, मागच्या दिवाळीत तुम्ही असे वागला नव्हता’ असे कुणी म्हणाले तर एकतर वाक्य बदलावे लागते, नाहीतर वागणे. फ्रेम करून केबिनमध्ये लावण्याची घाई करू नये. ज्याची परीक्षा अजून झालेली नाही ते ब्रीद भिंतीवर चढले, की ते स्वतःला विचारायचे राहून जाते आणि पाहुण्यांना दाखवायचे होते. जबाबदारी बदलली की त्याचा मसुदाही नव्याने करावा लागतो: शाळेतल्या शिक्षकाचे ब्रीद मुख्याध्यापक झाल्यावर तसेच्या तसे पुरत नाही, कारण आता वर्गातल्या मुलांबरोबर सहकारी शिक्षकांच्या रजा, भांडणे आणि बढत्याही त्याच्या टेबलावर येतात.