ऑरोरा (कथित गुप्त विमान)

ऑरोरा : अमेरिकेने १९८०च्या दशकात गुपचूप बांधल्याचे सांगितले जाणारे अतिवेगवान टेहळणी विमान. त्रिकोणी आकार, ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेग आणि नेवाडाच्या वाळवंटातला ग्रूम लेक (एरिया ५१) हा तळ, असे त्याचे वर्णन केले जाते. असे विमान असल्याचे अमेरिकी हवाई दलाने नाकारले आहे आणि ते खरोखर उडाल्याचा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. तरीही विमानविद्येतल्या जाणकारांनी हा विषय बरीच वर्षे गांभीर्याने घेतला, आणि त्याला सबळ कारणे होती.

त्यांतले सर्वांत मोठे कारण म्हणजे आधीचा इतिहास. यू-२ हे टेहळणी विमान ऑगस्ट १९५५ मध्ये ग्रूम लेकवरूनच प्रथम उडाले. त्या काळी प्रवासी विमाने साधारण १०,००० ते २०,००० फुटांवरून जात. यू-२ ची उंची ६०,००० फुटांच्या वरची. संध्याकाळी पश्चिमेकडे निघालेल्या प्रवासी विमानाचा सूर्य मावळलेला असे, खाली अंधार दाटलेला असे. पण कितीतरी उंचावरच्या यू-२ वर अजून ऊन असे. त्याचे रुपेरी पंख झळाळत आणि खालच्या प्रवासी विमानाच्या वैमानिकाला डोक्यावर एक पेटता गोळा दिसे. त्या उंचीवर माणूस उडू शकतो हेच लोकांना ठाऊक नव्हते. अशा तक्रारी तपासणारे हवाई दलाचे अधिकारी सीआयएकडून उड्डाणांच्या वेळा पडताळून घेत, परंतु तक्रार करणाऱ्याला खरे कारण सांगण्याची त्यांना मुभा नव्हती. त्या काळातल्या निम्म्याहून अधिक ‘उडत्या तबकड्या’ म्हणजे यू-२ आणि त्याच्या पुढच्या पिढीची गुप्त विमाने होती, असा दावा सीआयएच्या इतिहासात आहे. हे प्रमाण अनेक अभ्यासकांना मान्य नाही. ते फुगवलेले वाटतेच. पण गैरसमज कसा होई, हे मात्र त्यातून स्वच्छ कळते.

एफ-११७ ची हकीकत याहून ताजी. रडारला चकवणारे हे विमान १९८१ मध्ये प्रथम उडाले, १९८३ मध्ये सेवेत आले आणि नोव्हेंबर १९८८ पर्यंत सरकारने त्याचे अस्तित्वच मान्य केले नाही. नेवाडातल्याच टोनोपाच्या तळावरून ते रात्रीच उडवले जाई. १९८६ मध्ये त्यांतले एक कॅलिफोर्नियाच्या जंगलात कोसळले, तेव्हा तो सारा परिसर बंद करण्यात आला. एक आख्खा ताफा पाच वर्षे दडवता येतो हे एकदा कळल्यावर नंतरच्या नकारावर लोकांचा विश्वास कसा बसावा?

ऑरोरा हे नाव प्रकाशात आले ते एका सरकारी कागदातून. १९८५च्या संरक्षण अंदाजपत्रकात टेहळणी विमानांच्या खर्चाशेजारी या नावाची एक ओळ छापली गेली आणि पुढच्याच वर्षासाठी तिच्यापुढची रक्कम अनेक पटींनी वाढलेली होती. १९९० मध्ये ‘एव्हिएशन वीक’ साप्ताहिकाने ही बाब उजेडात आणली. त्याच वर्षी मॅक ३ च्या (ध्वनीच्या तिप्पट) वेगाने उडणारे एसआर-७१ हे टेहळणी विमान हवाई दलाने निवृत्त केले. ६ मार्चला त्यातल्या एका विमानाने लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन हे अंतर ६४ मिनिटांत कापले होते. इतके सरस विमान मोडीत निघते, तर त्याची जागा घेणारे काहीतरी तयार असणार, असा तर्क होणे साहजिक होते. लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गुप्त विमाने घडवणाऱ्या विभागाचे प्रमुख राहिलेले बेन रिच यांनी १९९४च्या आठवणींत खुलासा केला, की ऑरोरा हे बी-२ बाँबरच्या कंत्राटासाठी झालेल्या स्पर्धेच्या निधीचे टोपणनाव होते. नॉर्थ्रॉप कंपनीने ती स्पर्धा १९८१ मध्येच जिंकली होती, त्यामुळे १९८५च्या कागदाशी हा खुलासा जरा अडखळतच जुळतो. पण बी-२ तेव्हाही गुप्तच होते आणि त्यावर प्रचंड पैसा खर्च होत होता, हे लक्षात घेतले तर तो टिकतो.

प्रत्यक्ष पाहिल्याच्या साक्षींत वजनदार आहे ती ख्रिस गिब्सन यांची. ऑगस्ट १९८९ मध्ये ते उत्तर समुद्रातल्या ‘गॅल्व्हेस्टन की’ या खोदकामाच्या फलाटावर काम करत होते. डोक्यावरून एक केसी-१३५ हे इंधनवाहू विमान, दोन एफ-१११ लढाऊ विमाने आणि त्यांच्या सोबत एक काळा, सरळ कडांचा, निमुळता त्रिकोण गेला. गिब्सन ब्रिटनच्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअरमध्ये होते. विमाने केवळ आकारावरून ओळखण्यात तरबेज. बाकीची तिन्ही विमाने त्यांनी तत्काळ ओळखली, चौथे मात्र कुठल्याच नमुन्यात बसेना. छायाचित्र निघाले नाही, उरले ते त्यांनी काढलेले रेखाचित्र. १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

याच सुमारास, १९९१-९२ मध्ये, दक्षिण कॅलिफोर्नियात सकाळी सकाळी खिडक्या खडखडवणारे हादरे बसू लागले. भूकंपमापकांनी ते नोंदवले, आणि ते जमिनीतले नसून स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) विमानाच्या आघाताचे आहेत, हे भूकंपशास्त्रज्ञांना ओळखता आले. अवकाशयान एडवर्ड्स तळावर उतरताना अशाच खुणा उमटत. पण समुद्रावर सराव करणारी साधी लढाऊ विमानेही असा आघात करू शकतात. टेक्सासच्या आकाशात टिपलेल्या, दोरीत ओवलेल्या कड्यांसारख्या दिसणाऱ्या धूम्ररेषेचेही तेच. स्फोटांच्या ठोक्यांवर चालणाऱ्या नव्या इंजिनाची ती खूण मानली गेली. मात्र कोणत्याही जेटच्या पंखांमागे उठणारे भोवरे एकमेकांत मिसळून धूम्ररेषेच्या अशा कड्या करू शकतात. हे दोन्ही पुरावे त्यामुळे लंगडे ठरतात.

त्यानंतर इतर गुप्त विमाने एकेक करून उघड झाली : १९८२ ते १९८५ दरम्यान उडालेले टॅसिट ब्लू १९९६ मध्ये, तर बर्ड ऑफ प्रे २००२ मध्ये. ग्रूम लेकचा तळही सीआयएने २०१३ मध्ये कागदोपत्री मान्य केला. गिब्सन यांच्या रेखाचित्राशी जुळेल असे विमान मात्र यांत एकही नाही.