‘द मॅगपाय’ : निळ्या सावलीमागची गोष्ट

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने म्हटलं की त्याने जिवेर्नी गावात रंगवलेली कमळं आठवतात. ‘द मॅगपाय’ हे चित्र त्यांच्या खूप आधीचं, १८६८-६९च्या हिवाळ्यातलं. जागा नॉर्मंडीतल्या एत्रेताजवळची. गाव समुद्रातल्या कड्यांसाठी प्रसिद्ध, पण या चित्रात समुद्राचा मागमूस नाही. काटक्यांचं कुंपण, बर्फाने लगडलेली झाडं, मागे घर आणि डावीकडे फाटकाच्या आडव्या काठीवर एकटाच मॅगपाय पक्षी. (काळा-पांढरा म्हणून त्याला दयाळ म्हणायचा मोह होतो, पण हा कावळ्याच्या कुळातला, आपल्या टकाचोराचा भाऊबंद.)

मोने तेव्हा २८ वर्षांचा, पैशांची कायम ओढाताण. ल हाव्रच्या एका व्यापाऱ्याने हात दिला म्हणून जोडीदारीण आणि दीडेक वर्षाच्या मुलासह तो एत्रेतात भाड्याने राहू शकला.

सूर्य कुंपणाच्या मागे आहे, त्यामुळे सावली आपल्या अंगावर येते. ती करडी नाही, चक्क निळी आहे. तिथल्या बर्फावर थेट ऊन पडत नाही, पोचतो तो आभाळाचा उजेड. शेजारचं उन्हातलं बर्फ मात्र पिवळट. पॅरिसच्या सलाँ या अधिकृत कलाप्रदर्शनाने १८६९ मध्ये हे चित्र परत पाठवलं, सोबतचं मासेमारीच्या होड्यांचंही. नकाराचं खापर निळ्या सावलीवर फोडायची रीतच पडली आहे. मला ते अर्धंच पटतं. याच सलाँने १८६५ मध्ये त्याची दोन समुद्रचित्रं घेतली होती, १८६८ मध्ये आणखी एक. म्हणजे माणूस नकोसा नव्हता. आधीच्या चित्रकारांच्या बर्फाच्या चित्रांत शिकारी असत, हरणं असत, काहीतरी घडत असे. इथे १३० सेंटिमीटर रुंद कॅनव्हासवर काहीच घडत नाही, आणि परीक्षकांना बहुधा तेच खुपलं असावं.

या चित्राला सर्रास ‘दृक्प्रत्ययवादी’ (इम्प्रेशनिस्ट) म्हणतात. ते नाव रूढ झालं मोने आणि त्याच्या मित्रांच्या १८७४च्या स्वतंत्र प्रदर्शनानंतर, एका टीकाकाराच्या टवाळीतून. आपल्या शब्दातला ‘वाद’ तर आणखी चकवतो. १८६९ मध्ये वाद नव्हता, जाहीरनामा नव्हता, गारठलेल्या बोटांनी रंग लावणारा एक माणूस होता.

१८७० मध्येही सलाँने नकार दिल्यावर मोने दहा वर्षं तिकडे फिरकला नाही. ‘द मॅगपाय’ फ्रान्सच्या सरकारी संग्रहात यायला मात्र १९८४ उजाडलं. आता ते पॅरिसमधल्या एका जुन्या रेल्वे स्टेशनात, म्हणजे ओर्से संग्रहालयात, टांगलेलं असतं.