एकाच रिसेप्टरवर दुखणं थांबतं, आणि श्वासही

सावजी मसाल्यात जाणारी खसखस आणि अफू एकाच झाडाच्या बोंडातून येतात. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा दुकानातल्या पिकल्या बियांत मॉर्फिन, म्हणजे अफूतलं दुखणं थांबवणारं रसायन, नगण्य असतं. बोंड हिरवं असताना चिरे दिले की पाझरणाऱ्या चिकात मात्र ते १० टक्क्यांच्या आसपास असतं. नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात सरकारी परवान्यावर ही अफू पिकवतात आणि तिच्यापासून कॅन्सरच्या रुग्णांना लागणारी वेदनाशामकं बनतात.

झाडाचा चीक माणसाच्या मेंदूत नेमका कुठे बसतो, हे १९७३ मध्ये कळलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी नॅलॉक्सोन (अफूचा असर रोखणारं औषध) वापरून मेंदूच्या ऊतीतली ती जागा, म्हणजे रिसेप्टर, दाखवली. न्यूयॉर्क आणि उप्सालाच्या गटांनीही त्याच वर्षी ती दाखवली. पण अफूसाठी मेंदूत जागा असावीच कशाला? कारण तिथे बसणारा माल मेंदू स्वतःच तयार करतो. १९७५ मध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत असा माल, एन्केफॅलिन, सापडला.

या रिसेप्टरचे मुख्य प्रकार म्यू, डेल्टा आणि कप्पा. व्यसनाच्या बाबतीत खरा मामला म्यूचा. १९९६ मध्ये म्यूचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना मॉर्फिन दिलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं नाही, त्यांना त्याची गोडी लागली नाही आणि बंद केल्यावर त्रासही झाला नाही. हवा असलेला गुण आणि नको असलेला दोष एकाच दारातून येतात. व्यसन न लावणारं मॉर्फिन बनवणं इतकं अवघड का, ते इथे कळतं.

म्यूवर ओपिऑइड (अफूसारखं काम करणारं कुठलंही रसायन) बसलं की पेशीतला पोटॅशियम बाहेर जातो, कॅल्शियम आत यायचा थांबतो आणि पेशी गप्प होते. पुढचं सगळं ती पेशी कुठली यावर ठरतं. मज्जारज्जूत असेल तर वेदनेचा निरोप वर पोचत नाही. आतड्यात असेल तर बद्धकोष्ठ. (जुलाबावरचं लोपेरामाइड म्यूवरच काम करतं, नेहमीच्या डोसला ते मेंदूत पोचत नाही, म्हणून नशा नाही.) मेंदूच्या देठात श्वासाची लय ठरवणाऱ्या पेशी गप्प झाल्या, तर माणूस श्वास घ्यायचा थांबतो. आणि मध्यमेंदूत डोपामिनच्या पेशींना आवरून धरणाऱ्या पेशी गप्प झाल्या, की डोपामिन मोकाट सुटतं. 'हे पुन्हा हवं' हा धडा मेंदू तिथे गिरवतो.

रोज गर्द (भेसळीचं हेरॉइन) ओढणाऱ्याच्या किंवा ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या खाणाऱ्याच्या पेशी या दडपणाला जुळवून घेतात. रिसेप्टरचा प्रतिसाद मंदावतो आणि पेशीच्या आतली यंत्रणा जास्त जोर लावू लागते. कालच्या मात्रेने आज भागत नाही. अशात माल अचानक बंद झाला की दडपण जातं, जोर मात्र तसाच राहतो. नॉरॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशी उसळतात आणि अंगावर काटा, घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, जुलाब, पोटऱ्यांत गोळे सुरू होतात. हीच 'टर्की'. गर्दच्या शेवटच्या मात्रेनंतर ८ ते १२ तासांत ती चढते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते. ती भयंकर असते, पण धडधाकट माणसाचा जीव सहसा घेत नाही.

जीव जातो तो त्यानंतर. घरचे मुलाला दहा-पंधरा दिवस कोंडून ठेवतात, 'सुटली एकदाची' म्हणतात. तोवर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, ओढ मात्र शाबूत असते. तो जुनीच मात्रा घेतो आणि या वेळी ती श्वास बंद पाडते. नुसतं कोंडणं हा उपचार नाही, धोका आहे.

उपचारात ब्युप्रेनॉर्फिन दिलं की 'एक व्यसन सोडून दुसरं लावलं' असं नातेवाईक हमखास म्हणतात. ते खरं नाही. हे औषध म्यूला घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालवतं. दोनवर अडकलेल्या रेग्युलेटरसारखं, कितीही फिरवा, पंखा त्यापुढे जात नाही. टर्की थांबते आणि वरून गर्द घेतला तरी त्याला बसायला जागा उरत नाही. मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर श्वासाचा धोका परत येतो.

गोळी जिभेखाली ५ ते १० मिनिटं विरघळू द्यायची. गिळली तर यकृत बरीचशी वाया घालवतं. अनेक गोळ्यांत नॅलॉक्सोनही असतं, ४ भागांना १ भाग. जिभेखालून ते फारसं शोषलं जात नाही, पण कुणी गोळी कुटून टोचली तर टर्की आणतं. पहिल्या गोळीची घाईही नडते. गर्द अंगात असतानाच ती घेतली तर ब्युप्रेनॉर्फिन त्याला हुसकावून लावतं आणि टर्की एकदम उसळते. म्हणून निदान १२ तास थांबून, लक्षणं दिसू लागल्यावर डॉक्टर पहिला डोस देतात. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

मात्रा जास्त झाल्याने माणूस हलवून जागा होत नसेल, ओठ निळे पडले असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि श्वास अडखळत असेल, तर १०८ ला फोन करा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, बंद पडला तर तोंडाने श्वास द्या. रुग्णालयात शिरेतून नॅलॉक्सोन दिलं की दोन-तीन मिनिटांत माणूस डोळे उघडतो आणि बहुतेकदा चिडून घरी निघतो. त्याला जाऊ देऊ नका. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो, आणि अंगात अजून ओपिऑइड शिल्लक असेल तर ते पुन्हा म्यूवर जाऊन बसतं.