गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?

अंतर किलोमीटरमध्ये, पेट्रोल लिटरमध्ये आणि उत्तराला म्हणायचं मायलेज. १९५६च्या वजन-माप कायद्यानं मेट्रिक पद्धत आली, तरी मैल या शब्दात टिकून राहिला. बोलताना तर आपण थेट ‘अ‍ॅव्हरेज’च म्हणतो. सरासरी, पण कशाची?

स्कूटरच्या काळात याचं उत्तर सरळ होतं: आपल्या रोजच्या रस्त्याची. बजाजच्या चेतकला पेट्रोलचा काटा नव्हता. गाडी आचके देऊन बंद पडली की सीटखालचा कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि किलोमीटरचा आकडा टिपायचा. पंपावर मोजून ३ लिटर भरून कॉक परत जागेवर आणायचा. पुन्हा रिझर्व्ह लागलं की दोन आकड्यांतली वजाबाकी, भागिले ३. दोन्ही वेळा टाकीत पेट्रोलची पातळी तीच, त्यामुळे रीत अचूक. आजची ‘टाकी फुल ते टाकी फुल’ पद्धत हेच तत्त्व वापरते, पण नोझल कुठे कट होतो त्यावर आकडा थोडा हलतो. म्हणून एका टाकीवर विश्वास ठेवू नये, चार-पाच तरी धराव्यात.

घोटाळा सरासरी काढताना होतो. जाताना लिटरला ४० आणि तेवढंच अंतर येताना ६० मिळाले, तर सरासरी ५० नव्हे, ४८. अंतर १२० किलोमीटर धरा: जाताना ३ लिटर, येताना २, म्हणजे ५ लिटरमध्ये २४०.

हा आकडा सरकारांच्या डोक्यात शिरला तो १९७३च्या तेलसंकटानंतर. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेलं कच्चं तेल काही महिन्यांत ११ डॉलरच्या पुढे गेलं. अमेरिकेनं १९७५मध्ये कायदा करून १९८५च्या मोटारींसाठी गॅलनला २७.५ मैल हे उद्दिष्ट ठेवलं. आपल्या हिशेबात लिटरला जेमतेम १२! आणि ही सरासरी एका गाडीची नव्हे, कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांची.

आपल्याकडे अ‍ॅव्हरेज विकायला काढलं ते हीरो होंडानं. १९८५मध्ये त्यांची सीडी-१०० ही मोटारसायकल आली; पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशी तिची जाहिरात. लिटरला ८०चा दावा स्कूटरवाल्यांना थापच वाटला असणार. पण कारण साधं होतं. स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निसटतं, या मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोकमध्ये ते होत नाही.

जाहिरातीतला आकडा मग प्रयोगशाळेत ठरू लागला. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या, १९६६मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. कधी किती वेगानं चालवायची हे ठरवून देणारं मोटारींसाठीचं सुधारित भारतीय चाचणी-चक्र ११८० सेकंदांचं, सुमारे साडेदहा किलोमीटरचं. कमाल वेग ताशी ९०, सरासरी जेमतेम ३२. एसी बंद, खड्डे नाहीत, मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. गंमत म्हणजे इथे पेट्रोल मोजत नाहीत, धूर मोजतात. तो पिशव्यांत गोळा करून त्यातला कार्बन तपासायचा. जेवढा कार्बन बाहेर आला तेवढंच इंधन आत जळलं असणार.

कागदावरच्या आकड्यापेक्षा रस्त्यावर कमी मिळतं, ही तक्रार काही आपलीच नाही. अमेरिकेत तर १९८५पासून सरकारनंच प्रयोगशाळेचे आकडे छापण्याआधी शहरासाठी १० आणि महामार्गासाठी २२ टक्क्यांनी कमी केले. आपण हा हिशेब अजून शेजाऱ्याला विचारून करतो.

२०१७पासून कंपन्यांवर आपल्याकडेही मर्यादा आहे, पण ती किलोमीटरमध्ये नाही, धुरात आहे: विकलेल्या मोटारींची सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२२-२३पासून ११३. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भागाकार केला की ११३ ग्रॅम म्हणजे लिटरला साधारण २०.